ई-लॉगबुक बोटीवर वापरून बघितलं: सॅटेलाइट एक नंबर, पण ते कॉपीचं बटण काढा राव

ट्यूना लाँगलाइनरवर मेट (कॅप्टनच्या हाताखालचा अधिकारी) आहे आणि ई-लॉगबुक, म्हणजे पकडलेल्या माशांच्या नोंदींची डिजिटल वही, भरायचं काम कॅप्टनने कधीच माझ्याकडे ढकललंय, त्यामुळे हा रिव्ह्यू डेमो बघून नाही, रोज वापरून लिहितोय. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण यातल्या निम्म्या तक्रारी दुसऱ्या बोटींवरच्या दुसऱ्या सिस्टिमबद्दलही ऐकल्यात, आणि नाव घेतलं की सगळे त्या एका कंपनीवर तुटून पडतात आणि मूळ मुद्दा राहतो बाजूला. आधीच सांगून टाकतो, पाचपैकी साडेतीन स्टार. कागदी लॉगबुककडे परत जाशील का विचाराल तर अजिबात नाही. पण ज्याने हे ॲप बनवलंय त्याला एकदा हॉलिंग (लाइन ओढून घेणं) चालू असताना ब्रिजवर, म्हणजे बोट चालवायच्या केबिनमध्ये, आणून उभं करावं असं मात्र सारखं वाटतं.

सामान काय येतं ते आधी. जाड रबरी कव्हरचा एक टॅबलेट, ब्रिजवर स्टँडमध्ये बसतो आणि बोटीच्या २४ व्होल्टच्या लाइनवर चार्ज होतो. वर छतावर छोटं सॅटेलाइट टर्मिनल, त्याच्यातच जीपीएस. आणि टॅबलेटमध्ये ॲप. बसवायला कंपनीचा माणूस आला होता, वायरिंग त्याने नीट केलं, केबलच्या जॉइंटला सीलंटपण व्यवस्थित लावलं, ते अजून टिकून आहे. खाऱ्या हवेत इलेक्ट्रॉनिक्सची काय हालत होते हे ज्यांना माहितीये त्यांना कळेल मी हे का लिहितोय. हार्डवेअरबद्दल तक्रार शून्य.

लाँगलाइन माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. एक मेन लाइन, कित्येक किलोमीटर लांब, तिला ठरावीक अंतरावर फ्लोट आणि दोन फ्लोटच्या मधे गळ लावलेल्या ब्रँचलाइन लोंबत असतात. लाइन सोडली की सेटिंग, ओढून घेतली की हॉलिंग. लॉगबुकमध्ये प्रत्येक सेटची वेगळी नोंद लागते, लाइन कुठे आणि किती वाजता सोडायला सुरुवात केली, गळ किती, दोन फ्लोटमध्ये किती गळ, आमिष कसलं, आणि मग वर काय काय आलं ते जातवार, किती नग, किती किलो, काय ठेवलं, काय टाकून दिलं, टाकलं ते जिवंत होतं की मेलेलं. शार्क, कासव, पक्षी अडकला तर तोही लिहायचा. आणि हो, काहीच नाही आलं तरी सेट लिहायचाच. हे नव्या लोकांना पटत नाही, मासाच नाही तर लिहायचं काय म्हणतात. अरे पण हजार गळांमागे किती मासे यावरच तर समुद्रातल्या माशांच्या साठ्याचा अंदाज बांधतात, रिकामे सेट गाळले की समुद्रात मासाच मासा आहे असं कागदावर दिसणार.

कागदावर हे सगळं कसं चालायचं ते ज्यांनी केलंय त्यांना आठवत असेल. डेकवर कोणीतरी पुठ्ठ्यावर रेघोट्या मारायचा, ओला पुठ्ठा ब्रिजवर यायचा, रात्री डोळे मिटत असताना तो वहीत उतरवायचा, ट्रिप संपली की वही बंदरात जमा, आणि मग कुठल्यातरी ऑफिसात कोणीतरी बसून ते कॉम्प्युटरवर टाइप करणार, त्याला माझा १ आणि ७ सारखाच दिसणार. उत्तरेच्या जागी दक्षिण पडलं की बोट गेली भलत्याच महासागरात. लॉगबुकचा डेटा साफ करणाऱ्या एकाने मला सांगितलं होतं की जुन्या नोंदी नकाशावर टाकल्या की काही सेट सरळ जमिनीवर पडतात, डोंगरात ट्यूना पकडल्यासारखे. हसू येतं पण त्याच आकड्यांवर कोटा ठरत असतो.

तर ई-लॉगबुकचा पहिला आणि सगळ्यात मोठा फायदा हाच, की जागा आणि वेळ मी लिहितच नाही. पहिला फ्लोट पाण्यात गेला की ‘सेट सुरू’ दाबायचं, जीपीएसवरून अक्षांश-रेखांश आणि वेळ आपोआप बसते. शेवटचा फ्लोट गेला की परत एकदा. हॉलिंगचं तसंच. हे इतकं बिनचूक चालतं की त्याबद्दल लिहायला काही उरत नाही.

दुसरं म्हणजे सॅटेलाइट. इथे मला भीती होती कारण समुद्रात मधोमध नेटवर्क कसलं, पण ॲप पूर्ण ऑफलाइन चालतं, नोंद टॅबलेटमध्ये सेव्ह होते आणि वर आकाश मोकळं मिळालं की टर्मिनल ती हळूच पाठवून देतं. आमचं इरिडियम या सॅटेलाइट कंपनीच्या शॉर्ट बर्स्ट डेटावर (छोटे मेसेज पाठवायची सेवा) आहे. त्याच्या छोट्या मोडेमवरून बोटीकडून जाणारा एक मेसेज जास्तीत जास्त ३४० बाइटचा असतो, म्हणजे देवनागरीत लिहायला गेलात तर दीड-दोन ओळींत खल्लास. एवढ्याशा जागेत अख्खा सेट बसवायचा म्हणून ॲप सगळं कोडमध्ये दाबून पाठवतं, आणि नाही बसलं तर दोन-तीन तुकडे करतं. प्रत्येक नोंदीपुढे तिची अवस्था दिसते, रांगेत आहे, गेली, पोचली. ‘गेली’ आणि ‘पोचली’ वेगवेगळं दाखवतात हे फार भारी केलंय, कारण बोटीवरून निघालं म्हणजे सरकारी सर्व्हरने घेतलं असं नसतं. तिकडून पोच आली तरच हिरवं होतं, आणि नाकारलं तर लाल होऊन कारण येतं. कारण मात्र असं येतं की ते वाचून मला काही कळत नाही, नुसता एरर नंबर. तो नंबर बघायला पीडीएफ, आणि ती पीडीएफ वेबसाइटवर. समुद्रात वेबसाइट, कमाल आहे.

आता कटकटी.

माशांची यादी. जगभरात यासाठी एफएओचे (संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना) तीन अक्षरी कोड वापरतात, यलोफिन ट्यूनाला वायएफटी, स्वोर्डफिशला एसडब्ल्यूओ असं. एफएओच्या यादीत १२ हजारांच्या वर नोंदी आहेत, त्यामुळे ॲपमध्ये आपापली फेव्हरिट यादी करावी लागते, ठीक आहे, केली. पण ती यादी इंग्रजी अक्षरांच्या क्रमानेच लागते, बदलताच येत नाही. आता लाँगलाइनवर होतं काय बघा, बिगआय ट्यूना म्हणजे बीईटी, त्याच्या खाली ब्लॅक मार्लिन बीएलएम, त्याच्या खाली ब्लू शार्क बीएसएच, त्याच्या खाली ब्लू मार्लिन बीयूएम. चार ओळी एकाखाली एक चिकटून, बोटाच्या पेराएवढ्या. हातात रबरी ग्लोव्ह, स्क्रीनवर खाऱ्या पाण्याचा ओघळ, बोट डोलतेय. खारं पाणी स्क्रीनवर पसरलं की टॅबलेटला तोही बोटाचा स्पर्श वाटतो, आपण हात न लावता यादी वरखाली सरकायला लागते. बिगआय दाबायला जावं तर ब्लॅक मार्लिन. आणि गंमत म्हणजे चुकीचं दाबलेलंसुद्धा एकदम स्वच्छ, सुवाच्य दिसतं. वहीत खाडाखोड असायची, निदान वाचणाऱ्याला संशय तरी यायचा.

सगळ्यात जास्त पकडले जाणारे चार-पाच मासे मोठ्या बटणांवर द्या, बाकीचे यादीत राहू देत. इतकी साधी गोष्ट आहे. कंपनीला कळवलं, ‘पुढच्या व्हर्जनमध्ये विचार करू’ असं उत्तर आलं.

माशांवरूनच अजून एक. छोटा बिगआय आणि छोटा यलोफिन, दोघे डेकवर शेजारी ठेवले तर भलेभले गंडतात. मोठे झाल्यावर यलोफिनचे पर लांब होतात, ओळखायला सोपं जातं, लहानपणी तसलं काही नसतं. खात्री करायची तर पोट उघडून लिव्हर बघायचं, बिगआयच्या लिव्हरवर खालच्या बाजूला बारीक रेघा असतात, यलोफिनचं गुळगुळीत असतं आणि उजवा भाग लांब असतो. आता ॲपमध्ये ओळखायला फोटो दिलेत, पण ते पूर्ण वाढलेल्या माशांचे, ज्यांना फोटोची गरजच नाही! लिव्हरचा एक फोटो टाकला असता तर उपयोग झाला असता, पोट तर आम्ही तसंही साफ करतोच. आणि ‘ट्यूना, जात नक्की नाही’ यासाठी एफएओचा टीयूएन म्हणून वेगळा कोड आहे, तो यांनी यादीतून काढून टाकलाय, का तर डेटा जातवार मिळावा म्हणून. परिणाम काय, तर ज्याला खात्री नाही तो यलोफिन दाबून मोकळा होतो. म्हणजे ‘माहीत नाही’ असं प्रामाणिकपणे लिहायची सोयच ठेवली नाही आणि वर डेटा जातवार आला म्हणून खूश.

आता ते बटण. ‘मागचा सेट कॉपी करा’.

डेमोमध्ये हेच बटण सगळ्यात कौतुकाने दाखवतात. रोज तेच तेच कशाला भरायचं, एक टच आणि झालं. आणि खरंच, बोटीचं नाव, लायसन्स, मेन लाइनचा प्रकार, हे कॉपी झालं तर छानच आहे. पण हे बटण सगळंच उचलतं, गळांची संख्या, आमिष, आणि दोन फ्लोटमधले गळसुद्धा. हा शेवटचा आकडा बाहेरच्या माणसाला फालतू वाटेल पण लाइन किती खोल जाते ते त्याच्यावरून कळतं. दोन फ्लोटमध्ये गळ कमी असले की लाइन वरवर राहते, रात्री स्वोर्डफिशसाठी तशी लावतात, आणि गळ जास्त असले की मधली लाइन झोळीसारखी खाली खोल उतरते, तिथे दिवसा बिगआय असतो. म्हणजे हा आकडा चुकला तर तुम्ही मासा कुठल्या थरात शोधत होतात तेच चुकलं. आणि कॅप्टन तर हवा, चंद्र, पाण्याचं तापमान बघून हा आकडा बदलत असतो. दमलेला माणूस रात्री कॉपी दाबतो, बाकीचं सगळं बरोबर आहे म्हणून पुढे जातो, आणि अख्ख्या ट्रिपभर एकच आकडा. ज्याला हा डेटा मिळतो त्याला वाटणार वा, काय शिस्तीची बोट आहे.

मी आमच्याकडे नियम करून टाकलाय की कॉपी कोणी वापरायचं नाही. पहिले काही दिवस कॅप्टन वैतागले, ‘अरे मग एवढं महागाचं घेतलं कशाला, तू तर परत वहीच चालवतोयस’ म्हणाले. मी म्हटलं, ‘सर, गळ मोजणाऱ्या हूक काउंटरचा आकडा आणि तुमचा आकडा जुळला नाही तर सही तुमची आहे, माझी नाही.’ मग गप्प बसले. खरं तर उपाय सोपा आहे, कॉपी केल्यावर प्रयत्नाचे, म्हणजे गळ आणि फ्लोटचे रकाने रिकामे सोडा, तेवढे हाताने भरू द्या. हे कंपनीला कळत नसेल असं नाही, पण विकायला ‘एका टचमध्ये लॉगबुक’ बरं वाटतं ना.

वजनाचं प्रकरणही अर्धवट आहे. लॉगबुकमध्ये जिवंत माशाचं, म्हणजे अख्ख्या माशाचं वजन द्यायचं असतं, आणि होल्डमध्ये (बोटीच्या पोटातल्या साठवणीच्या जागेत) जातो तो साफ केलेला, कल्ले-आतडी काढलेला, कधी डोकं उडवलेला. मग गुणक लावायचा. उदाहरण द्यायचं तर युरोपियन युनियनमध्ये आतडी काढलेल्या ताज्या कॉड माशाला १.१७ चा गुणक आहे, १०० किलो साफ केलेला कॉड म्हणजे ११७ किलो अख्खा मासा. ॲप हा हिशोब स्वतः करतं, उत्तम, पण केला की नाही ते स्क्रीनवर दाखवत नाही. मी साफ केलेलं वजन टाकलं की अख्खं, हे एका बारीक ड्रॉपडाउनवर अवलंबून, आणि तो ड्रॉपडाउन मागच्या माशाची सेटिंग लक्षात ठेवतो. मेटने आधीच डोक्यात गुणून टाकलं आणि ॲपने परत गुणलं तर? युरोपच्या २००९ च्या कंट्रोल रेग्युलेशनमध्ये (मासेमारीवर नियंत्रणाचा नियम) लॉगबुकमधला अंदाज आणि खरं वजन यात प्रत्येक जातीमागे १० टक्के फरक चालतो असं आहे, आणि दोनदा गुणलं की तुम्ही एका फटक्यात त्याच्या बाहेर. दोन्ही वजनं शेजारी शेजारी दाखवा, विषय संपला.

असो, हे हौस म्हणून कोणी घेत नाही हेही खरंय. त्याच युरोपियन नियमांनुसार १२ मीटर आणि त्याहून लांब बोटींना २०१२ पासून ई-लॉगबुक सक्तीचं आहे आणि २०२३ च्या दुरुस्तीत त्याहून छोट्या बोटींनाही टप्प्याटप्प्याने आणायचं ठरलंय. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर नोव्हेंबर २०२१ पासून ट्रिप रिपोर्ट इलेक्ट्रॉनिकच द्यावा लागतो, ट्रिप संपल्यापासून ४८ तासांत. तेव्हा आज ना उद्या तुमच्या बोटीवर येणारच, प्रश्न एवढाच की कुठलं घ्यायचं.

आणि इथे एक गोष्ट आवर्जून विचारा, डेटा कुणाचा. आमच्या कॅप्टनचा पहिला विरोध स्क्रीनला नव्हताच, त्यांचं म्हणणं, माझ्या जागा यांच्या सर्व्हरवर का? वर्षानुवर्षं फिरून सापडलेल्या जागा आहेत, शेजारच्या बोटीला वायरलेसवरसुद्धा कोणी सांगत नाही. त्यात चूक काही नाही. आमच्या करारात लिहिलंय की नोंद कंपनीच्या सर्व्हरवरून जाते पण ती वाचायचा हक्क फक्त बोटमालक आणि मत्स्यखात्याचा, आणि टॅबलेटवर जुन्या ट्रिपच्या जागा पासवर्डशिवाय उघडत नाहीत. हे लेखी होतं म्हणून ते तयार झाले. तोंडी आश्वासनावर घेऊ नका.

दुरुस्तीची पद्धत मला आवडली, म्हणजे एकदा पाठवलेली नोंद पुसता येत नाही, सुधारित नोंद जाते आणि जुनी तिच्या मागे तशीच राहते. काही जणांना हे जाचक वाटतं. मला उलट बरं वाटतं, उद्या कोणी विचारलं तर कधी काय बदललं ते दिसतं, ‘नंतर आकडे फिरवले’ असं म्हणायला जागा नाही.

हां, पण ई-लॉगबुक म्हणजे सत्य असं कोणी समजू नये. शेवटी आम्ही जे दाबू तेच जाणार. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडच्या ट्यूना लाँगलाइन बोटींवर २०१५ मध्ये कॅमेरे बसवले, त्यानंतर लॉगबुकमध्ये टाकून दिलेल्या माशांच्या आणि संरक्षित प्राण्यांच्या नोंदी वाढल्या. समुद्रात कासवं अचानक वाढली नव्हती. आमच्या ॲपमध्ये तर ‘टाकून दिलेले’ हा भाग तिसऱ्या स्क्रीनवर आहे, खाली सरकवल्याशिवाय दिसत नाही आणि रिकामा सोडला तरी नोंद पुढे जाते. शून्य आणि ‘भरलंच नाही’ यातला फरकच राहत नाही. जे भरायला माणूस आधीच नाखूश असतो ते तुम्ही सगळ्यात मागे लपवून ठेवता, मग येणार कसं? मी कंपनीला लिहिलंय की निदान ‘काही टाकलं नाही’ असं एक बटण सक्तीचं करा, म्हणजे खोटं बोलायचं तर ते तरी हाताने दाबावं लागेल.

सपोर्ट बरा आहे. बंदरात असताना फोन लगेच उचलतात, माणूस समजून घेतो, फक्त त्याने बोट बघितलेली नाही हे पाच मिनिटांत कळतं. समुद्रातून टर्मिनलवरून छोटा मेसेज टाकता येतो, उत्तर साधारण दुसऱ्या दिवशी. ट्रेनिंग फक्त कॅप्टन आणि मेटला देतात, डेकवरच्या एकाला तरी द्यायला हवं, कारण मासा वर आला तेव्हा तो काय होता हे त्याने बघितलेलं असतं, आम्ही वरून ओरडून विचारतो.

ज्यांच्याकडे हेच किंवा असंच काही बसवणार आहेत त्यांनी एक बग लक्षात ठेवा. आम्ही संध्याकाळी सेट करतो आणि हॉलिंग मध्यरात्र ओलांडून जातं. टॅबलेट बोटीवरची वेळ दाखवतो आणि आत नोंद यूटीसीमध्ये (जगभर एकच असलेली प्रमाणवेळ) ठेवतो, ते बरोबरच आहे. पण मधेच बोटीवरचं घड्याळ एक तास मागे केलं, पश्चिमेकडे जाताना करतोच, की ॲप म्हणतं हॉल संपल्याची वेळ सुरुवातीच्या आधीची आहे आणि नोंद सेव्हच करत नाही. सपोर्टने सांगितलेला उपाय होता की हॉल दोन भागांत टाका. तसं करू नका. दोन्ही भागांना ॲप पूर्ण सेटचे गळ लावतं, म्हणजे २,५०० गळ टाकले असतील तर ५,००० दिसणार आणि हजार गळांमागचा आकडा बरोबर अर्धा होणार. त्यापेक्षा टॅबलेटचं घड्याळ कायम यूटीसीवरच ठेवा, ब्रिजवरचं भिंतीवरचं घड्याळ काय ते मागेपुढे करा. आम्ही स्टँडवर मार्करने ‘यूटीसी, हात लावू नये’ असं लिहून चिकटवलंय, तेव्हापासून एकही नोंद अडकलेली नाही.